सोल्डरिंग म्हणजे काय? पक्का जोड कसा करावा?

सोल्डरिंग म्हणजे कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू वापरून दोन धातूंचे भाग जोडणे. या मिश्रधातूला सोल्डर किंवा डाख म्हणतात. वेल्डिंगमध्ये बहुधा मूळ धातूही वितळतो. सोल्डरिंगमध्ये तो घनच राहतो, वितळतो तो फक्त डाख. डाखाचा वितळबिंदू ४५० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त असेल, तर त्या कामाला ब्रेझिंग म्हणतात.

जोड कसा बसतो?

डाख हा गोंदासारखा नुसता चिकटत नाही. त्यातले कथील तांब्याशी संयोग पावून दोघांच्या मध्ये संयुगाचा अतिशय पातळ थर तयार करते. जोडाची खरी ताकद याच थरात असते. म्हणूनच धातू स्वच्छ आणि पुरेसा तापलेला असणे आवश्यक आहे.

डाखाचे प्रकार

इलेक्ट्रॉनिक्समध्ये ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेला डाख वर्षानुवर्षे वापरला जातो. तो १८३ अंशांना एकदम वितळतो आणि तसाच एकदम गोठतो. शिसे विषारी असल्यामुळे युरोपीय संघाने जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये त्याच्या वापरावर निर्बंध आणले. त्याऐवजी कथील, चांदी आणि तांबे यांचा डाख वापरतात. तो साधारण २१७ ते २२० अंशांना वितळतो.

फ्लक्स कशासाठी?

हवेमुळे धातूवर ऑक्साइडचा थर चढतो आणि त्यावर डाख पसरत नाही. फ्लक्स हा थर काढून टाकतो. भांड्यांना कल्हई करणारे नवसागर वापरतात, सोनार डाग देताना टाकणखार वापरतात, तेही याच कारणासाठी. इलेक्ट्रॉनिक्ससाठी राळेचा फ्लक्स योग्य. तो बहुधा सोल्डर वायरच्या पोकळीतच भरलेला असतो. पत्र्याच्या किंवा नळाच्या कामाचा आम्लयुक्त फ्लक्स सर्किटवर वापरू नये, कारण त्याचे अवशेष तांब्याच्या रेषा हळूहळू खाऊन टाकतात.

सोल्डरिंग करण्याची पद्धत

१. उपकरणाचा वीजपुरवठा बंद करून प्लग काढावा.
२. जोडायचे भाग घासून स्वच्छ करावेत आणि हलणार नाहीत असे बसवावेत.
३. शिसेयुक्त डाखासाठी सोल्डरिंग आयर्न ३२० ते ३५० अंशांपर्यंत तापवावा. बिट ओल्या स्पंजवर पुसून त्याला थोडा डाख लावावा.
४. बिट घटकाच्या पायाला आणि बोर्डवरील तांब्याच्या पॅडला एकाच वेळी टेकवावा.
५. एखाद्या सेकंदाने सोल्डर वायर बिटला नव्हे, तर तापलेल्या जोडाला लावावी.
६. आधी वायर, मग बिट काढावा. हे सारे दोन-तीन सेकंदांत व्हावे. डाख गोठेपर्यंत जोड हलवू नये.

ड्राय जोड

चापट मारल्यावर सुरू होणारा रेडिओ अनेक घरांत असतो. त्यामागे बऱ्याचदा ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड असतो. धातू न तापवता बिटवर वितळवलेला डाख वरून टाकला, की तो नुसता गोळा होऊन बसतो. वरून जोड दिसतो, पण आत संपर्क धड नसतो. शिसेयुक्त डाखाचा चांगला जोड चकचकीत आणि कडांना निमुळता उतरणारा दिसतो. बिनशिशाचा डाख मुळातच थोडा निस्तेज असतो, त्यामुळे तिथे चमकेपेक्षा आकार पाहावा. कच्चा जोड फ्लक्स लावून पुन्हा तापवला, की बहुतेक वेळा सुधारतो.

काळजी

सोल्डरिंग करताना निघणारा धूर मुख्यतः राळेचा असतो आणि त्याने दमा होऊ शकतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. शिशाची तितक्या तापमानाला फारशी वाफ होत नाही. ते हाताला लागून तोंडावाटे पोटात जाते. काम करताना खाऊ-पिऊ नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत. लहान मुलांना या कामापासून दूर ठेवावे. स्वयंपाकाची भांडी किंवा पिण्याच्या पाण्याचे नळ जोडण्यासाठी शिसेयुक्त डाख कधीही वापरू नये.