शॅननवरील दोर : ओढून नेण्याच्या वाहतुकीचा इतिहास

जड ओझे ओढून नेण्याच्या व्यवहारात ओढणाऱ्याच्या बळाचा प्रश्न सर्वांत आधी सुटतो. मागून येणाऱ्या, बहुधा स्वतःचा ब्रेक नसलेल्या वस्तूला थांबवायचे कसे आणि प्रसंग आला तर तिच्यापासून मोकळे व्हायचे कसे, हे दोन प्रश्न मात्र घोडा, वाफ आणि डिझेल अशी साधने पालटत गेली तरी उरतात. आयर्लंडमधील शॅनन नदीवरील मालवाहतुकीचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे.

सुमारे ३६० किलोमीटर लांबीची ही नदी आयर्लंडमधील सर्वांत लांब असून तिच्या मधल्या पट्ट्यात उतार फारच थोडा आहे. त्यामुळे ती ठिकठिकाणी पसरून सरोवरे बनते, आणि किलालूपासून लिमरिकपर्यंतच्या थोड्या अंतरात मात्र सुमारे ३० मीटर खाली येते. डब्लिनहून निघालेला ग्रँड कालवा १८०४ मध्ये शॅनन हार्बर येथे या नदीला मिळाला, आणि राजधानीचा माल बोटीतून न उतरवता लिमरिककडे नेणे शक्य झाले. कालव्यात हे काम घोडा करीत असे. काठालगतच्या पाऊलवाटेवरून चालणारा एक घोडा, रस्त्यावर ज्याची कल्पनाही करता येणार नाही असे कित्येक टनांचे ओझे पाण्यावरून ओढी, कारण मंद गतीला पाण्याचा विरोध अत्यल्प असतो. घोडा काठावर आणि बोट पाण्यात असल्याने दोर तिरपा खेचला जाई व बोटीचे नाक काठाकडे वळू पाही. म्हणून कालव्यातील बोटींचा दोर अगदी नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या खुंट्याला न बांधता काहीसा मागे, आखूड डोलकाठीला बांधण्याची पद्धत होती आणि उरलेला कल सुकाणूने सावरला जाई. थांबताना मात्र घोडा निरुपयोगी ठरे, कारण दोर ओढू शकतो, ढकलू शकत नाही. उतारावर बैलगाडीचे ओझे जसे बैलांच्या अंगावर येते तशी भरलेली बोट आपल्याच वेगाने पुढे सरकत राही.

सरोवरात पाऊलवाटच नव्हती. शॅननवरील सुमारे ४० किलोमीटर लांबीच्या लॉख डर्ग या सरोवरावर वाऱ्याला मोकळे रान मिळते आणि आखूड, उंच लाटा झपाट्याने उठतात. तेथे वाफेने घोड्याची जागा घेतली. चार्ल्स वाय विल्यम्स यांनी शॅननवर आगबोटींची वाहतूक उभी केली. त्यांची ‘लेडी लॅन्सडाउन’ ही लोखंडी आगबोट बर्कनहेड येथील लेअर्ड यांच्या कारखान्यात तयार होऊन सुट्या भागांत आली आणि १८३३ मध्ये किलालू येथे जोडली गेली. पुढे १८४० च्या दशकात सरकारी आयोगाने नदीचे पात्र सुधारले आणि मीलिकसारख्या ठिकाणी लॉक, म्हणजे पाण्याची पातळी चढवून-उतरवून बोट वरखाली नेणारे दुहेरी दारांचे हौद, मोठे बांधले.

दुसऱ्या बोटी मागे बांधून नेणाऱ्या ओढबोटीचा खरा धोका तिच्या यंत्रात नसून दोराच्या दिशेत असतो. दोर तिच्या मध्याजवळच्या आकड्याला अडकवलेला असतो, कारण पार मागच्या टोकाला अडकवल्यास तिला वळता येत नाही. पण मागची बोट वाऱ्याने बाजूला गेली आणि दोर आडवा ताणला गेला, तर तोच दोर ओढबोटीला कुशीवर पाडू शकतो. त्यामुळे दोर ताणाखाली असतानाही सोडता येईल असा आकडा हे या व्यवसायातील सर्वांत मोलाचे साधन म्हटले पाहिजे.

१९११ च्या सुमारास ग्रँड कालवा कंपनीने आपल्या बोटींत बोलिंडर ही स्वीडिश इंजिने बसवण्यास आरंभ केला आणि अशा बोटींच्या क्रमांकापुढे मोटरनिदर्शक ‘एम’ अक्षर आले. ही इंजिने कालव्यासाठी पुरेशी होती. सरोवराच्या वादळात ती अपुरी पडत, म्हणून इंजिन असलेली बोटही मोठ्या बोटीच्या मागे बांधली जाई. डिसेंबर १९४६ मध्ये ‘सेंट जेम्स’ या बोटीच्या मागे लॉख डर्ग ओलांडणारी ‘४५ एम’ वादळात बुडाली व तिच्यावरील तिघे खलाशी दगावले. बोटीला इंजिन होते आणि पुढे तिच्याहून मोठी बोटही होती. तरीही ती माणसे गेली. ती बोट १९७५ मध्ये वर काढण्यात आली. दरम्यान १९२९ मध्ये सुरू झालेल्या आर्डनाक्रुशा जलविद्युत केंद्राने लिमरिककडचा जलमार्ग पालटला होता, आणि १९६० मध्ये कालव्यावरील मालवाहतूक बंद झाली.

आज शॅननवर येणाऱ्या बहुतेक लहान बोटी पिकअप किंवा मोटारीमागच्या ट्रेलरवरून किलालू वा ड्रोमिनीरच्या काठापर्यंत येतात, आणि जुने प्रश्न रस्त्यावर नव्या रूपात उभे राहतात. ट्रेलरचे वजन पिछाडीला अधिक झाले की जोडणीवरचा भार हलका होतो आणि वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. म्हणून बोटीचे इंजिनासारखे जड भाग लक्षात घेऊन ती पुढे सरकवून ठेवावी लागते. आयर्लंडमध्ये ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, ७५० किलोहून अधिक क्षमतेच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात, आणि अशा ट्रेलरची जोडणी चालत्या रस्त्यात निखळली तर एक बारीक तार ताणली जाऊन ते ब्रेक आपोआप लागतात व नंतर ती तार तुटून ट्रेलर गाडीपासून वेगळा होतो.