खतामागचा हिशेब

कल्याणहून माळशेज घाट चढून आले म्हणजे जुन्नर तालुक्यातले मढ लागते. तेथून दक्षिणेस भीमाशंकरापर्यंतचा डोंगरपट्टा महादेव कोळ्यांचा. शंभर-सव्वाशे वर्षांहूनही अधिक काळापूर्वी या पट्ट्यात सावकारांची नाके कापली जात. जांभोरीचा होन्या भागोजी केंगले १८७३ च्या सुमारास टोळी जमवून सावकारांच्या घरांवर चालून जाऊ लागला. सरकारदप्तरी तो दरोडेखोर. १८७६ साली मेजर डॅनियलने त्यास पकडले.

मधल्या काळात, १२ मे १८७५ रोजी, भीमथडीतील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने लुटून कर्जखते जाळली. हे लोण नगर जिल्ह्यातही पोहोचले. शेकडो माणसे तुरुंगात गेली. गुन्ह्याचे मूळ मात्र बाहेरच राहिले. चौकशी आयोगास ते बऱ्याच अंशी खुद्द दिवाणी कचेरीत सापडले. निरक्षर ऋणको हजर नसे, सावकार खत पुढे करी आणि एकतर्फी हुकूमनामा पदरात पाडून घेई.

यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांत न्यायाधीशाने आता केवळ खतावर विसंबायचे नव्हते. व्यवहाराच्या आरंभापासूनचा हिशेब उकलायचा होता. फेडीचे हप्ते बांधून देता येत, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास कैद होत नसे. दाव्यापूर्वी सलोखा करणाऱ्या पंचाकडे जावे लागे, तर दहा रुपयांपर्यंतचे दावे ग्राम-मुन्सफ ऐके. या दोघांपुढे वकिलांस मज्जाव होता. (आमच्या वकील वाचकांनी रागावू नये!) १८८७ साली महादेव गोविंद रानडे या कायद्याखालील खास न्यायाधीश झाले.

१९८९ साली अमेरिकेतील मायामी येथे व्यसनी आरोपींस तुरुंगाऐवजी उपचार देणारे न्यायालय निघाले, तेव्हा जगाला ते अपूर्व वाटले. रानड्यांचे न्यायालय दिवाणी होते हे खरे. तथापि दंग्याच्या मुळाशी जाण्याची दृष्टी आम्हांस दोहोंत एकच दिसते.

यश मात्र अपुरे. सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखते लिहून घेण्याचा मार्ग काढला. पुढच्या पेरणीस बियाणे कोण देणार, याचे उत्तर कायद्यात नव्हते. सहकारी पतसंस्थांचा कायदा यावयास १९०४ उजाडले. आणि मढच्या बाजूच्या कोळ्याचे दुखणे केवळ कर्जाचे कोठे होते? पीक बुडाले की तो रानाकडे वळे. ते रान राखीव करण्याचा अधिकार सरकारने १८७८ च्या वन कायद्याने, म्हणजे आदल्याच वर्षी, आपल्या हाती घेतला होता.