कोणाच्या हातचा पाव?

श्रोतेहो, पहाटेच्या पहिल्या गाड्या सुटतात त्या वेळी विरार स्टेशनबाहेर तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर एक देखावा तुमच्या ओळखीचा असेल. दादरच्या बाजाराकडे निघालेल्या फुलांच्या करंड्या आणि भाजीचे भारे खाली टेकवलेले असतात. चहाच्या टपरीवर पातेले उकळत असते. आगाशीकडचा वाडीवाला, अर्नाळ्याची कोळीण, रात्रपाळी संपवून आलेला रखवालदार, कामावर निघालेला कोणी परप्रांतीय गवंडी, अशी पाच-सात माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात आणि एकाच लादीतले पाव मोडून चहात बुडवून खात असतात. कोणाला बोलायला सवड नसते. गाडी सुटायची असते ना!

या घोळक्यात एक प्रश्न कोणी कोणाला विचारीत नाही. हा पाव कोणी भाजला? चहा कोणी उकळला? कप आधी कोणाच्या ओठाला लागला होता? आपल्याला यात नवल वाटत नाही. परंतु आपल्या पणजोबांना हाच देखावा दाखवला असता तर ते तिथून मागे फिरले असते. आज मी जे सांगणार आहे तो या न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास आहे, आणि तो सांगायला वसई-विरारइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

बाहेर खाणे ही गोष्ट आपल्याकडे मुळात नाइलाजाची. प्रवासाला निघताना शिदोरी बांधायची, ती संपली की धर्मशाळेच्या अंगणात तीन दगड मांडून आपले आपण शिजवायचे. वाटेत भडभुंज्याकडचे चणे-कुरमुरे चालत, जत्रेतली भजी चालत. भाजलेल्या-तळलेल्याला विटाळ कमी, शिजवलेल्या भाताला फार, असा हिशेब होता. फळाला तर बाटच नाही. वसईची केळी आणि आगाशीची सुकेळी दूरदूरच्या बाजारांत जात, आणि ती कोणी पिकवली नि कोणी सुकवली हे सोवळ्यातली माणसेही विचारीत नसत. निसर्गाने केळ्याला साल दिली आहे, तेवढी सोय पुरे!

पावाला मात्र साल नाही.

सन १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, तिथे त्यांचे राज्य होते. ही माणसे गव्हाची रोटी खाणारी. त्यांच्या प्रार्थनेतला प्रसादही गव्हाच्याच पिठाचा. आपला मुलूख भाताचा आणि तांदळाच्या भाकरीचा. पीठ फुगवायला लागणारे युरोपातले किण्व इथे कुठून मिळणार? परंतु वसईच्या किनाऱ्यावर ताड-माड होते, आणि ताडी आंबते हे इथल्या माणसाला कोणी शिकवायला नको होते. त्या ताडीने पीठ फुगले. परदेशी कृती आणि देशी आंबवण यांच्या संसारातून जो पदार्थ निघाला त्याचे पोर्तुगीज नाव आपण तसेच ठेवले, पाव. बटाटा हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे आला. मिरची त्यांनीच अमेरिकेतून आणली. तिला मात्र आपण असे काही घरात घेतले की ती परकी आहे हे सांगितले तरी खरे वाटत नाही.

आता एक गोष्ट. वसईपासून गोव्यापर्यंत किनाऱ्यावर ती तुम्हांला कोणीही सांगेल. म्हणे, रात्री पाद्री गावच्या विहिरीत पाव टाकीत. सकाळी लोक नेहमीप्रमाणे पाणी पीत. मग कोणी तरी ओरडून सांगे, "विहिरीत पाव आहे!" झाले, गाव बाटले. ही गोष्ट जशीच्या तशी इतिहास म्हणून घेता येणार नाही. धर्म बदलण्यामागे राज्याची सक्ती होती, सवलती होत्या, मिशनऱ्यांचे काम होते, जमिनींचे प्रश्न होते. एवढा मोठा फेरफार पावाच्या तुकड्याने होत नाही. पण दंतकथेत घडलेले नसले तरी समाजाचे मन असते. गोष्ट पुन्हा नीट ऐका. पाव टाकणारा परका आहे हे खरे. पण पाणी प्यालेल्या आपल्याच माणसाला घरात घ्यायचे नाही, हे ठरवणारा कोण होता? तिथे पोर्तुगीज नव्हता. दार आतून लागले होते. गोष्ट सांगणारे हा भाग घाईने सांगून टाकतात, असा माझा अनुभव आहे.

माझ्या आजीचे सांगतो. आजी प्रेमळ होती, अडाणीही नव्हती. आम्ही मुले पावासाठी हट्ट धरीत असू. ती पाववाल्याकडून पाव घ्यायची, पैसेही स्वतः द्यायची. पण पाव पडवीत राहायचा. स्वयंपाकघराचा उंबरठा त्याने कधी ओलांडला नाही. चहा आतून यायचा, पाव बाहेर असायचा, आणि दोघांची भेट पडवीतल्या पाटावर व्हायची. ही गोष्ट १९८० नंतरची आहे, हे लक्षात घ्या. तिला विचारले तर म्हणे, "तसं काही नाही रे, आपली सवय." सवय! इतिहासातल्या किती तरी गोष्टी शेवटी या शब्दात जाऊन लपतात.

पावाची ही भीती मोडायची म्हणून काही माणसांनी मुद्दाम पाव खाल्ला, हेही आपल्याला ठाऊक असले पाहिजे. शिक्षक बंधुभगिनींना दादोबा पांडुरंग तर्खडकर हे नाव व्याकरणामुळे परिचित आहे. त्यांच्या आडनावात वसईजवळच्या तर्खड गावाचे नाव आहे. सन १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा तिच्या चालकांपैकी एक. जातिभेद मानणार नाही अशी प्रतिज्ञा नव्या सभासदाने करायची, आणि नुसत्या शब्दावर विश्वास नको म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा, मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. मात्र सर्व काही गुप्त! दारे बंद करून ही मंडळी पाव खात आणि घरी जाऊन पूर्ववत् पंक्तीला बसत. सन १८६० च्या सुमारास सभासदांची यादी फुटली आणि सभाच मोडली. आपण त्यांना हसतो. पण त्या पावाच्या तुकड्यापायी घरदार, लग्नसंबंध, पंगत सारे जाण्यासारखे होते. पुढे १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, त्या बैठकीला रानडे होते, टिळक होते. नावे वर्तमानपत्रात छापली गेली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका पेल्याचा हा पसारा.

मग पुढच्या साठ-सत्तर वर्षांत असे काय झाले?

एक तर गाडी आली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली रोजची गाडी सुरू झाली. सकाळी एक जायची, संध्याकाळी एक यायची. वसईला तेव्हा इंग्रज बसीन म्हणत. त्याच वर्षी, जवळजवळ त्याच पंधरवड्यात, दादोबांचे बंधू आत्माराम पांडुरंग यांच्या घरी प्रार्थना समाजाची स्थापना झाली. जातिभेदावर कोणी अधिक घाव घातले, समाजाने की गाडीने, हा वादाचा विषय आहे. माझा कौल गाडीकडे आहे. सन १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत पोचली, आणि सकाळी निघून रात्री परतणाऱ्या माणसाला दिवसातले एक खाणे बाहेर घेणे भागच पडले. शिदोरी चार दिवस बांधता येते, चाळीस वर्षे नाही.

अर्थात गाडीनेही लगेच शहाणपण शिकवले असे नाही. इंग्रजी अमदानीत स्टेशनांवर हिंदू चहा निराळा आणि मुसलमान चहा निराळा मिळे, पाण्याचेही तसेच. शहरात ब्राह्मणी खाणावळी होत्या, जातवार पंक्ती होत्या. मुंबईला त्यातून वाट काढून दिली ती बऱ्याच अंशी इराण्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यझदकडची ही झरतुष्ट्री मंडळी मुंबईत आली. त्यांच्यापैकी काहींनी आपल्याच जिल्ह्यात डहाणू-घोलवडकडे चिकूच्या वाड्या केल्या, काहींनी मुंबईच्या नाक्यानाक्यावर चहाची दुकाने थाटली. संगमरवरी टेबल, पाणीदार चहा नव्हे तर दाट दुधाचा, आणि सोबत ब्रून-मस्का. इराणी गिऱ्हाईकाला नाव विचारीत नसे. त्याच्या लेखी गिऱ्हाईक म्हणजे पैसे देणारा आणि फार वेळ न बसणारा. या बेपर्वाईत एक मोठी समता होती. गिरणगावात बायकांनी चालवलेल्या खाणावळी होत्या; त्या गावकीवर, ओळखीवर चालत. तिथे मायेचे अन्न मिळे, पण ते बहुधा आपल्याच मुलखाच्या हातचे. याच बायकांना एकत्र करून १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले.

परंतु श्रोतेहो, गाडीचे आणि इराण्याचे गुणगान करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्याला टपरीत शिरूच देत नव्हते, त्याच्यासाठी गाडीची घाई काय कामाची? महाराष्ट्रात अनेक गावी चहाच्या दुकानात अस्पृश्य मानलेल्यांसाठी निराळी कपबशी ठेवलेली असे. बहुधा कान तुटलेला कप, दुकानाबाहेर ठेवलेला. बाहेर बसायचे, चहा वरून ओतून घ्यायचा, आपला कप आपण धुवायचा, आणि पैसे मात्र तेच, पूर्ण. ही चाल भुकेने मोडली नाही, तिच्यासाठी लढे द्यावे लागले आणि कायदा करावा लागला. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाचे पंधरावे कलम काढून पाहा. त्यात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. विहिरी आणि तलाव यांचाही आहे. आणि १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात तर उपाहारगृहातली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला आहे. एवढ्या मोठ्या देशाच्या संसदेला कपबशीवर कायदा करावा लागला! मुलांना नागरिकशास्त्र शिकवताना हे कलम पाठ करून घेण्यापेक्षा तो कप फळ्यावर काढून दाखवावा, असे मला वाटते.

यानंतरची कथा तुम्ही रोज खाता. सन १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे बहुतेक लोक मानतात. वडा तळलेला, म्हणजे जुन्या हिशेबानेही कमी विटाळाचा. पाव मात्र एके काळी गाव बाटवणारा. ते दोघे एकत्र आले आणि त्यांच्यामध्ये लसणाची चटणी बसली. हातात धरून उभ्याने खाता येते, ताट नको, पाट नको, पंगत नको. पंगतच नाही तर पंक्तिभेद कुठून येणार?

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या चुली अडचणीत आल्या. कितीतरी जणांनी वड्याची गाडी लावली. मुंबईत जागा परवडेना तेव्हा माणसे नालासोपारा, विरारकडे सरकली. सन २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची वस्ती बारा लाखांवर गेलेली होती. कोकणातला, खानदेशातला, उत्तरेतला, दक्षिणेतला माणूस इथे आला आणि पहिल्या दिवशी, घरात भांडी लागण्याआधी, त्याने स्टेशनबाहेर काही तरी खाल्ले असणार. जुन्या वसईत ख्रिस्ती घरांतून पाव सणासुदीला आणि रोजही मानाने खाल्ला जातो. स्टेशनजवळच्या नव्या वस्तीत तो गरिबाचा आधार आहे. प्रश्न साफ मिटला असे मात्र मी म्हणणार नाही. टपरीवर जात न विचारणारा माणूस भाड्याने खोली देताना "तुम्ही काय खाता?" असे अजून विचारतो. पडवी हलली, इतकेच.

गेल्या वर्षी मी माझ्या वर्गातल्या मुलांना एक काम दिले होते. घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा, तुम्ही बाहेर पहिल्यांदा कधी खाल्ले, कुठे, आणि काय वाटले? खेड्यातल्या शाळेतही हे सहज करता येईल. खर्च काही नाही. निम्म्या मुलांनी जत्रेतली भजी लिहून आणली. एका मुलीची आजी मराठवाड्यातून लग्न होऊन इकडे आलेली. नवऱ्याने स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा प्यायला नेले, आत, बाकावर. मुलीने आजीचे बोलणे जसेच्या तसे लिहिले होते: "पोऱ्यानं कप ठेवला. मी आधी तो फिरवून बघितला, कान हाय का ते. व्हता. मग पिले."