पु. वि. बापट आणि चिनी भाषा
चिनीच्या पदवीकडे आज दुभाष्याच्या नोकरीच्या दृष्टीने पाहिले जाते. फर्ग्युसन महाविद्यालयातील पाली अध्यापक पु. वि. बापट यांची निकड निराळी होती. ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ यांची तुलना हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. त्यावर १९३२ साली हार्वर्डने त्यांना पीएच.डी. दिली. उपतिस्साच्या ‘विमुत्तिमग्गा’चे मूळ लुप्त, हाती होता तो सहाव्या शतकातील संघपालाचा चिनी अनुवाद. चिनीवाचून तुलनेची एक बाजूच रिकामी राहिली असती. प्रबंध १९३७ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. पुढे दिल्ली विद्यापीठात बौद्ध विद्येचे प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले. ते चिनीमुळेच लाभले, असे म्हणणे धाडसाचे होईल. मात्र ‘समन्तपासादिके’च्या चिनी रूपाचे हिराकावांसह केलेले इंग्रजी भाषांतर (१९७०) त्या भाषेवाचून अशक्य होते.