आखूड नळीचा लांब इतिहास

जानेवारी २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने एका छोट्या शस्त्राची बातमी प्रसिद्ध केली. ‘अस्मि’ नावाचे ९ मिलिमीटर काडतुसाचे हे मशीन पिस्तूल देशात विकसित झालेले आपल्या प्रकारचे पहिलेच शस्त्र होते. महूच्या इन्फन्ट्री स्कूलमधील लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि पुण्याची शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापना यांनी ते अवघ्या चार महिन्यांत तयार केले. वरचा सांगाडा विमानांसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन तंतूंचा, आणि चापाचे काही भाग चक्क धातूच्या त्रिमितीय छपाईतून उतरलेले. एका नगाचा उत्पादनखर्च पन्नास हजार रुपयांच्या आत राहील, असा अंदाज त्या वेळी देण्यात आला.

वृत्तपत्रांनी या बातमीतील ‘स्वदेशी’ हा शब्द उचलला. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तिच्यात आणखी काही दिसावे. एका माणसाच्या मनात उमटलेला आराखडा, छोट्या कार्यशाळेत घडलेला पहिला नमुना आणि मग कारखाना, हा क्रम भारतात एके काळी स्वाभाविक होता. पुढे तो तुटला. का तुटला, आणि तो तुटण्यात केवळ तोटाच होता का, हे समजून घेण्यासाठी बंदुकीच्या नळीपासूनच सुरुवात करावी लागते.

बंदूक हे मुळात एक उष्णता-यंत्र आहे. दारू जळते, तप्त वायू निर्माण होतो आणि तो वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. नळी जितकी लांब, तितका वेळ हा दाब गोळीवर काम करतो. रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री खाचा असतात. त्या गोळीला स्वतःभोवती फिरवतात आणि भोवऱ्याप्रमाणे ती हवेत स्थिर राहते. आता हीच नळी आखूड केली तर काय होईल? दारू पूर्ण जळण्याआधीच गोळी बाहेर पडते. उरलेली दारू तोंडाशी भडकते, डोळे दिपवणारा जाळ आणि कानठळ्या बसवणारा आवाज होतो, आणि गोळीचा वेग मात्र घटतो. शस्त्र हलके झाल्याने खांद्याला बसणारा धक्का वाढतो. आटोपशीर रायफल म्हणजे लांब रायफल कापून उरलेला तुकडा नव्हे. ती पदार्थविज्ञानाशी केलेली नव्याने तडजोड असते. ही तडजोड जमवण्याची खटपट गेली कित्येक शतके चालू आहे.

भारतात नळी घडवण्याच्या विद्येचे सविस्तर वर्णन अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त सापडते. जुन्या पद्धतीत लोखंडाचा पत्रा गुंडाळून त्याच्या कडा जोडत. अशा नळ्या जास्त दारू भरताच फुटत आणि बंदूकधाऱ्याचाच घात होई. अकबराच्या कारखान्यात पत्रा कागदाच्या पुंगळीसारखा तिरका, घडीवर घडी येईल असा गुंडाळून प्रत्येक वळणाला भट्टीत तापवला जाई. जोड सरळ रेषेत न राहिल्याने दाब एकाच शिवणीवर येत नसे. याच ग्रंथात बैलाच्या बळावर फिरणाऱ्या आणि एकाच वेळी सोळा नळ्या आतून साफ करणाऱ्या चाकाचा उल्लेख आहे. बादशहाच्या खास बंदुकांना नावे होती. त्यांतील ‘संग्राम’ने १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात जयमलचा वेध घेतला, असे अबुल फजल सांगतो. त्यातील दरबारी स्तुती बाजूला ठेवली, तरी धातू कुठे आणि का फाटतो याचा विचार या कारागिरांनी केला होता, हे नाकारता येत नाही.

अठराव्या शतकात ही विद्या अनेक दरबारांच्या आश्रयाने वाढली. बंगालचा नवाब मीर कासिम याने इंग्रजांच्या दबावापासून दूर जाण्यासाठी राजधानी मुर्शिदाबादहून बिहारमधील मुंगेरला हलवली आणि तेथे शस्त्रांचा कारखाना उभारला. त्याचा सेनापती गुर्गीन खान हा आर्मेनियन होता. मुंगेरच्या बंदुका इंग्लंडहून आलेल्या उत्तम बंदुकांशी ताडून पाहिल्या असता सरस ठरल्या, अशी नोंद ‘सियर-उल-मुताखरीन’ या फारसी इतिहासाच्या तत्कालीन इंग्रजी भाषांतरकाराने टिपेत केली आहे. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी द बॉयनने आग्र्यात कारखाना काढला. तेथे सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका तयार होत. परका नमुना समोर ठेवावा, तो उलगडावा आणि स्थानिक लोहारांच्या हातून पुन्हा घडवावा, ही पद्धत तेव्हा रूढ झाली होती. आज जिला उलट-अभियांत्रिकी म्हणतात, ती हीच.

मग या परंपरेतून यंत्रयुगातील रायफल का जन्मली नाही? याची दोन कारणे आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिले कारण तंत्राचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये असे कारखाने उभे राहिले, की एका रायफलीचा भाग दुसरीत जसाच्या तसा बसावा. याला नेमके मोजमाप, यंत्रे आणि एकसारखे पोलाद लागते. मुंगेरचा कारागीर प्रत्येक बंदूक कानशीने जुळवून पुरी करी. ती कितीही सुबक असली तरी तिचा चाप शेजारच्या बंदुकीला बसत नसे. हस्तकौशल्याची ही मर्यादा कायद्याने निर्माण केलेली नव्हती.

दुसरे कारण मात्र कायद्याचे होते. १८५७ च्या उठावाच्या काळातच शस्त्रे आणि दारूगोळ्यावर निर्बंध आले. त्यानंतर व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा झाला. शस्त्र बाळगणे, बनवणे, विकणे या सर्वांसाठी परवाना आवश्यक ठरला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट मिळाली. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्यात दुरुस्तीची मागणी केली, ती या अपमानकारक भेदामुळे. कोडगूच्या कोडवा समाजासारख्या मोजक्या समूहांना मिळालेली सवलत हा अपवाद होता; केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली, यावरून त्या जुन्या रचनेचे आयुष्य किती दीर्घ आहे ते कळते. कारागिरांच्या दृष्टीने परिणाम सरळ होता. गिऱ्हाईक घटले की प्रयोग घटतो, आणि प्रयोग थांबला की विद्या नुसत्या सवयीवर जगते. ज्या दशकांत जगातील रायफल सर्वांत वेगाने बदलत होती, त्याच दशकांत भारतीय बंदूककार जुन्या नमुन्यांची दुरुस्ती करत राहिला.

शस्त्रनिर्मिती सरकारी भिंतींआड गेली. कोलकात्याजवळच्या कोसीपूर येथील कारखान्यात १८ मार्च १८०२ रोजी उत्पादन सुरू झाले होते. तो दिवस आजही आयुधनिर्माणी दिन म्हणून पाळला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी ईशापूर येथे, दारूच्या जुन्या कारखान्याच्या जागी, रायफल कारखाना उभा राहिला. येथील कामगार ली-एन्फील्ड उत्तम बनवत. तिचा आराखडा मात्र त्यांचा नव्हता.

आखूड रायफलीचा प्रश्न दुसऱ्या महायुद्धात तीव्रतेने पुढे आला. जंगलाच्या दाटीत लांब रायफल अडकते, म्हणून ब्रिटनने १९४४ मध्ये ली-एन्फील्डची ‘जंगल कार्बाइन’ काढली. नळी सुमारे ६४ सेंटिमीटरवरून ४७ वर आली, वजन किलोभराने कमी झाले आणि जाळ लपवण्यासाठी तोंडाशी शंकूसारखे टोपण बसवले गेले. काडतूस मात्र जुनेच राहिले. परिणामी धक्का कठोर झाला आणि नेम ‘भटकतो’ अशी तक्रार आली. तीन वर्षांतच तिचे उत्पादन थांबले. शस्त्र लहान करताना काडतुसाचाही विचार करावा लागतो, हा धडा या रायफलीने दिला.

त्याच युद्धातील एक कहाणी उलट दिशेने बोलते. ऑस्ट्रेलियातील वॉलाँगाँग गावच्या एव्हलिन ओवेन या चोवीस वर्षांच्या तरुणाने छंद म्हणून एक आटोपशीर स्वयंचलित बंदूक घरीच बनवली आणि १९३९ मध्ये ती सैन्याला दाखवली. अधिकाऱ्यांनी ती नाकारली. पुढे त्याच्या शेजारी राहणाऱ्या व्हिन्सेंट वॉर्डेल या कारखाना-व्यवस्थापकाच्या दृष्टीस ती पडली, त्याने तिचा पाठपुरावा केला, आणि न्यू गिनीच्या चिखलात इतर बंदुका अडखळत असताना ‘ओवेन’ चालत राहिली. सुमारे पंचेचाळीस हजार नग तयार झाले. हौशी माणसाच्या कल्पनेला चाचणीची आणि कारखान्याची दारे उघडली, तेव्हाच तिचे शस्त्र झाले. एरवी ती एका घरातील अडगळ ठरली असती.

स्वतंत्र भारताने ती दारे हौशी माणसासाठी उघडली नाहीत, आणि त्याची कारणे वसाहतवादी नव्हती. १९५९ च्या शस्त्र कायद्याने वांशिक भेद उरू दिला नाही, परंतु निर्मितीचे नियंत्रण कायम ठेवले. त्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याविना शस्त्र बनवता येत नाही. सहावे कलम तर बंदुकीची नळी आखूड करण्यालाच स्वतंत्र परवाना मागते. लहान शस्त्र सहज लपते, हा त्यामागचा साधा विचार आहे. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना निर्मितीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली. त्यामुळे घरी स्वतःच्या पसंतीची रायफल जुळवण्याचा जो छंद अमेरिकेत अनेकांना आहे, त्याला भारतात कायद्याने जागाच नाही. मुंगेरकडे पाहिले की या कठोरपणाचे कारण कळते. तेथील परवानाधारक कार्यशाळांची कामे आटत गेली आणि त्याच परिसराचे नाव देशी कट्ट्यांशी जोडले गेले. जे कौशल्य नवाबाच्या कारखान्यात मानाचे होते, ते पोलिसांच्या पंचनाम्यात उतरले. कट्ट्याने जाणाऱ्या जिवांचा हिशेब या कौशल्याच्या खेदापेक्षा मोठा आहे, हे विसरता येत नाही.

प्रश्न उरतो तो कल्पकतेचा. १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरने जुन्या ली-एन्फील्डला ७.६२ मिलिमीटर काडतूस पेलेल असे अधिक बळकट पोलाद दिले आणि ‘२ए१’ रायफल बनवली. कानपूरच्या कारखान्यात ब्रिटिश स्टर्लिंगची कार्बाइन तयार होऊ लागली. ही सारी दुसऱ्याच्या आराखड्यावरची उत्पादने होती. पुण्याच्या आस्थापनेत ‘इन्सास’ आकाराला आली, तेव्हा देशाने स्वतःच्या रायफलीचा प्रश्न स्वतः सोडवायला घेतला.

डिसेंबर २०२० मध्ये सैन्याच्या अंतिम चाचण्या पार करणारी ‘संयुक्त संरक्षक कार्बाइन’ हे त्याचे पुढचे पाऊल. तिचा आराखडा पुण्याचा, निर्मिती कानपूरची आणि गोळ्या खडकीच्या. इन्सासच्या काडतुसाची पुंगळी ४५ मिलिमीटर लांब असते. या कार्बाइनची ३० मिलिमीटर आहे. आखूड नळीसाठी आखूड काडतूस, कमी दारू आणि त्यामुळे धक्काही कमी. जंगल कार्बाइनने अर्धवट सोडलेले गणित येथे मुळातून मांडले गेले. वजन सुमारे तीन किलो भरले.

‘अस्मि’ या प्रवासात आणखी एक गोष्ट जोडते. तिचा आराखडा शस्त्र हाती धरणाऱ्या सैनिकी अधिकाऱ्याच्या अनुभवातून आला, प्रयोगशाळेने त्याला धातूचे आणि चाचणीचे शास्त्र पुरवले, आणि त्रिमितीय छपाईमुळे नमुना लवकर हाती आला. पुढे २०२४ मध्ये सैन्याच्या उत्तर विभागासाठी साडेपाचशे नगांची मागणी हैदराबादच्या एका खासगी कंपनीकडे गेली. संरक्षण उत्पादन २००१ मध्ये खासगी क्षेत्राला खुले झाले होते; त्या निर्णयाचे फळ छोट्या शस्त्रांत दिसायला दोन दशके लागली.

अकबराच्या कारखान्यातील लोहाराला नळी का फुटते हे ठाऊक होते, पण दुसरी नळी हुबेहूब तशीच घडवण्याचे साधन त्याच्याकडे नव्हते. ईशापूरच्या कामगाराकडे साधन होते, पण नळी कशी असावी हे ठरवण्याचा अधिकार नव्हता. ज्ञान, साधन आणि अधिकार या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली येण्यास भारतात चार शतके लागली. हे छप्पर घराचे नसून प्रयोगशाळेचे आहे आणि सामान्य नागरिकाच्या सुरक्षिततेसाठी ते तसेच असावे. मात्र त्या छपराखाली ओवेनसारख्या अनोळखी तरुणाचा कागदावरचा आराखडा तपासून पाहणारा वॉर्डेल बसलेला असतो का, यावर पुढच्या शतकाचा इतिहास ठरेल.