जुन्या सायकलीला मोटर बसवताय? आधी ब्रेक, आस आणि बॅटरी पहा

वरठी : भंडारा रोड रेल्वे स्थानक वरठीतच आहे आणि सनफ्लॅगचा पोलाद कारखानाही इथंच. त्यामुळं ड्युटीसाठी नाहीतर गाडी पकडायला आजूबाजूच्या गावांतून सायकलीनं येणारे आजही दिसतात. इथून भंडारा शहर दहा-बारा किलोमीटर. जाऊन-येऊन वीस-चोवीस किलोमीटर रोज पायडल मारणं उन्हाळ्यात सोपं नाही, आणि पेट्रोल शंभरीपार गेल्यावर मोटारसायकलही परवडत नाही. म्हणून घरातली जुनी सायकल बॅटरीवर करायची कल्पना अनेकांच्या डोक्यात येते. मोबाईलवर त्याचे व्हिडिओही भरपूर. काम होण्यासारखं आहे. पण व्हिडिओत मोटर फिरताना दाखवतात, थांबताना काय होतं ते दाखवत नाहीत.

ही कल्पना नवी नाही. सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांच्या चमूनं २००० सालाच्या आसपासच सायकलरिक्षाला बॅटरी-मोटरची जोड दिली होती. माणसानं पायडल मारायचं, चढावर आणि ओझ्याला मोटरनं हात द्यायचा, असा त्यातल्या एका रिक्षाचा हिशेब होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये गुरसौरभ सिंग यांनी साध्या सायकलीवर बसवायचं यंत्र दाखवलं, ते उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी समाजमाध्यमावर टाकलं आणि गावोगावी पोचलं. पायडलला मोटरची मदत, हाच हिशेब घरच्या सायकलीलाही लागू पडतो. मोटारसायकलची हौस सायकलीवर भागवायला गेलं की गडबड सुरू होते.

कायद्याची रेषा कुठं आहे

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मोटरची सलग अर्ध्या तासाची ताकद ०.२५ किलोवॅट म्हणजे २५० वॅटच्या आत, मोटरचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती मोटार वाहन धरली जात नाही. मग नोंदणी, लायसन, विमा यांची गरज पडत नाही. चांगले ब्रेक, पुढं पांढरा आणि मागं लाल परावर्तक हवा, हेही त्याच नियमात आहे. पायडलला मदत करणारी सायकल असेल तर पाय थांबले की मोटरही थांबली पाहिजे, असं नियम सांगतो. नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून किट घेताना दुकानदाराला ते मागायचंच.

पाचशे किंवा हजार वॅटची मोटर लावली की तीच सायकल कायद्यानं मोटार वाहन झाली. घरी बनवलेल्या गाडीला नोंदणी सहजासहजी मिळत नाही, नोंदणी नाही म्हणून विमा नाही, आणि कुणाला धडक बसली तर भरपाई चालवणाऱ्याच्या अंगावर येते. दोन-तीन हजार जास्त देऊन मोठी मोटर घेण्यात शहाणपण नाही.

काळ्या सायकलीला कोणती मोटर

मोटर दोन तऱ्हेच्या मिळतात. एक चाकाच्या मधात बसणारी हब मोटर, दुसरी फ्रेमला पट्टीनं कसायची आणि वेगळ्या चेननं मागचं चाक फिरवणारी. हब मोटर आवाज कमी करते, दिसायलाही साफ. पण मागची हब मोटर साधारण १३५ मिलिमीटर रुंदीची जागा मागते आणि जुन्या काळ्या सायकलीचा मागचा चिमटा त्याहून अरुंद असतो. हातोडीनं चिमटा फाकवला तर चाक वाकडं बसतं, चेन उतरत राहते. शिवाय बरीच किटं २६ इंची चाकासाठी येतात आणि काळी सायकल बहुधा २८ इंची. टायरवर लिहिलेला आकार वाचल्याशिवाय ऑर्डर टाकू नये. अशा सायकलीला चेनवाली मोटर सोपी जाते. तिची चेन मधूनमधून ताणावी लागते आणि चिखलात ती आवाज करते, एवढं सोसावं लागतं.

पायडल सेन्सरचीही एक अडचण आहे. काळ्या सायकलीच्या क्रँकला कॉटर पिन असते. सेन्सरची चकती घालायला क्रँक काढावा लागतो आणि जुनी गंजलेली पिन काढताना हमखास मोडते. नवी पिन आधीच आणून ठेवलेली बरी.

हब मोटर लावणाऱ्यानं आसाकडं नीट पहावं. मोटर चाकाला पुढं ढकलते तेव्हा तेवढ्याच जोरानं आसाला उलट पिळते. साधा नट हा पीळ फार दिवस धरत नाही. आस चिमट्यात फिरला तर वायर तुटते आणि चाक निखळून पडू शकतं. म्हणून आसाला दात्याचं वॉशर आणि टॉर्क आर्म नावाची लोखंडी पट्टी लागतेच. पुढच्या चाकात मोटर बसवायची असेल तर चिमटा पोलादी पाहिजे, अॅल्युमिनियमचा किंवा स्प्रिंगवाला चालत नाही.

आता ब्रेक. पायानं चालणारा माणूस ताशी बाराच्या आसपास जातो, मोटर त्याला पंचवीसच्या जवळ नेते. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. जुन्या सायकलीचा सळईचा ब्रेक पावसात आधीच घसरतो. मोटरच्या आधी ब्रेकवर खर्च करावा : नवे रबर, जमत असेल तर केबलचे ब्रेक, आणि दाबताच मोटरचा करंट तोडणारा लिव्हर. फ्रेमचे जोड घासून पहावेत. रंगाखाली चीर दिसली तर त्या फ्रेमवर मोटर लावू नये.

बॅटरीचा हिशेब

खर्चाचा निम्म्याच्या आसपास भाग बॅटरीत जातो आणि फसवणूकही तिथंच होते. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॅट-अवर. सपाट रस्त्यावर नुसत्या मोटरवर एका किलोमीटरला १२ ते १५ वॅट-अवर जातात, म्हणजे नवी बॅटरी २४ ते ३० किलोमीटर नेते. वरठी ते भंडारा जाऊन-येऊन जेमतेम भागतं. पायडल मारत गेलं तर बरंच जास्त. त्यात धानाचं चुंगडं कॅरिअरवर असेल किंवा डबल सीट असेल तर हिशेब खाली येतो. पूर्ण चार्जला साधारण अर्धा युनिट वीज. युनिट ८ रुपये धरलं तरी चार रुपयांत काम होतं.

शिशाची बॅटरी स्वस्त पडते. पण १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या तीन जोडल्या तर वजन सहा किलोच्या वर जातं आणि दहा-बारा किलोमीटरनंतर दम संपतो. रोज वापरलं तर वर्षभरात बदलायची पाळी येते. लिथियम महाग, पण हलकी आणि टिकाऊ. त्यातली लिथियम फेरो फॉस्फेट जातीची उष्णता जास्त सोसते, आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्याला ती बरी.

जुन्या लॅपटॉपचे सेल काढून घरी बॅटरी जोडायचे व्हिडिओही फिरतात. ते अजिबात करू नये. कमी-जास्त ताकदीचे सेल एकत्र आले की एखादा जास्त चार्ज होतो, तापतो आणि पेटतो. लिथियमची आग फुंकर मारून किंवा गोणपाट टाकून विझत नाही. बॅटरी बीएमएस असलेली, बिलासह घ्यावी. चार्जर त्याच बॅटरीचा पाहिजे : ३६ व्होल्टची साधी लिथियम ४२ व्होल्टवर भरते, फेरो फॉस्फेटची १२ सेलची बॅटरी ४३.८ वर. म्हणून शेजाऱ्याचा चार्जर पिनमध्ये बसला तरी लावू नये. उन्हातून आल्या आल्या चार्जिंग नको, तासभर सावलीत थंड होऊ द्यावी. रात्री घरचे झोपतात त्या खोलीत, तणसाजवळ किंवा दारातच चार्जिंग लावू नये. दारात आग लागली तर बाहेर पडायची वाट राहत नाही.

वायर आणि पाणी

२५० वॅटची मोटर ३६ व्होल्टवर ७ अँपिअर घेते, पण चढावर किंवा सुरुवातीला कंट्रोलर १५ अँपिअरपर्यंत ओढतो. घरच्या बल्बची बारीक वायर इथं तापते. बॅटरीच्या प्लसजवळच २० अँपिअरचा फ्यूज हवा. वायरी पिळून टेप गुंडाळण्यापेक्षा पक्के कनेक्टर लावावेत. कंट्रोलर मडगार्डच्या चिखलापासून वर ठेवावा, वायरी खालच्या बाजूनं आत घ्याव्यात म्हणजे पाणी ओघळून आत जात नाही. सायकल धुताना पाईपचा फवारा मोटरवर मारू नये.

जोडणी झाली की आधी चाक उचलून मोटर फिरवून पहावी, ब्रेक दाबताच बंद होते का तपासावं. मग रिकाम्या रस्त्यावर चालवावी, थेट तुमसर-भंडारा रस्त्याच्या ट्रकांमध्ये नाही. पहिल्या ५० किलोमीटरनंतर आसाचे नट, मोटरची पट्टी आणि स्पोक पुन्हा कसावे लागतात, कारण नवं काम बसताना ढिलं होतं. बॅटरी मेली की भंगारवाल्याला फोडायला देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून बिल जपून ठेवावं.