बालांचे बांधकाम आणि सांध्याची कथा

घर मोठ्यांचे असो वा खेळातले, ते बांधू पाहणाऱ्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. कशाने बांधावे हा पहिला, आणि एक तुकडा दुसऱ्याला धरून कसा राहावा हा दुसरा. मुलांच्या बांधकामाच्या खेळण्यांची तुलना बहुधा पहिल्या प्रश्नाच्या आधारे होते. लाकूड बरे की प्लॅस्टिक, टिकाऊ काय आणि स्वस्त काय, एवढाच विचार आपण दुकानात करतो. आमच्या मते दुसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे. खेळण्यातील सांधा कोणत्या प्रकारचा आहे, यावर ते खेळणे मुलाच्या मनावर कोणता संस्कार करणार हे पुष्कळसे अवलंबून असते. म्हणून या खेळण्यांचा इतिहास सांध्याच्या अंगाने पाहण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

आरंभ जर्मनीतील थुरिंगिया प्रांतापासून करावा लागेल. एका लुथरपंथीय पाळकाचा मुलगा असलेल्या फ्रेडरिक फ्रोबेल यांचे मातृछत्र वयाच्या पहिल्या वर्षातच हरपले. तरुणपणी त्यांनी स्फटिकशास्त्राचा अभ्यास केला. निसर्गातील साध्या आकारांमागे परमेश्वराची एकच सुसंगती आहे, ही त्यांची श्रद्धा होती. १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग या गावी त्यांनी लहान मुलांसाठी कार्य सुरू केले आणि १८४० साली त्याला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालकांची बाग, असे नाव दिले. मुलांना द्यावयाच्या साहित्यास ते ‘देणग्या’ म्हणत. त्यांतील तिसरी देणगी म्हणजे दोन इंचांचा एक लाकडी घन. तो आठ लहान घनांचा बनलेला असे. पेटी उलटी ठेवून अलगद उचलली, की मुलापुढे प्रथम संपूर्ण घन येई. मग त्याने तो उकलावा, त्याची खुर्ची, पायऱ्या किंवा पूल करावा आणि शेवटी आठही तुकडे जुळवून पुन्हा पूर्ण घन पेटीत ठेवावा. एक आकार मोडून टाकून दुसरा करायचा नाही. पहिल्यातूनच दुसरा घडवायचा आणि एकही तुकडा बाजूला पडू द्यायचा नाही, असा दंडक होता.

या ठोकळ्यांना सांधा नाही. त्यांना एकत्र धरतो तो केवळ तोल. हात हलला की मनोरा कोसळतो, आणि तो का कोसळला हे मुलास कोणी सांगावे लागत नाही.

अशा या निरुपद्रवी खेळावर १८५१ साली प्रशियाच्या सरकारने बंदी घातली! फ्रोबेल यांच्या पुतण्याचे समाजवादी लिखाण त्यांच्या माथी मारले गेले आणि मुलांना नास्तिक बनवल्याचा ठपका या श्रद्धाळू वृद्धावर आला. पुढल्याच वर्षी, १८५२ साली, त्यांचे निधन झाले. बंदी उठली ती १८६० साली. ते पाहण्यास ते उरले नव्हते. मुलाने स्वतःच्या हाताने काही रचावे, ही गोष्ट सत्ताधाऱ्यांस किती धोक्याची वाटू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

बाड ब्लांकेनबुर्गजवळच रुडोल्श्टाट हे गाव आहे. तेथे १८८० च्या दशकात रिश्टर नावाच्या उद्योजकाने दगडी ठोकळे बाजारात आणले. वाळू, खडूची भुकटी आणि जवसाचे तेल यांपासून ते बनवण्याची कृती ओटो आणि गुस्टाव लिलिएन्थाल या बंधूंची. यांतील ओटो म्हणजे पंखांच्या साहाय्याने हवेत तरंगण्याचे प्रयोग करणारे आणि १८९६ साली त्यातच प्राणास मुकलेले उड्डाणवीर. विटेचा लाल, वालुकाश्माचा पिवळसर आणि पाटीच्या दगडाचा निळा असे तीन रंग या ठोकळ्यांना असत. सांधा येथेही नव्हता, परंतु दगडाला वजन असल्यामुळे कमानी आणि घुमट स्थिर राहत. लाकडाच्या ठोकळ्याने तोल शिकवला, दगडाच्या ठोकळ्याने भार. कारखान्याने सोबत नकाशांची पुस्तके दिली, त्यामुळे मुलांच्या हातून डौलदार देवळे उभी राहू लागली. तथापि आराखडा मात्र दुसऱ्याचा झाला. ही ओढाताण तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

बोल्टचा सांधा आणला तो इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरी मांसाच्या आयातदाराकडे कारकुनी करणाऱ्या फ्रँक हॉर्नबी यांनी. आपल्या मुलांना खेळण्यातली यारी करून देताना त्यांच्या ध्यानी आले, की प्रत्येक भाग निराळा घडवण्यापेक्षा सारख्या अंतरावर भोके पाडलेल्या पट्ट्या केल्या, तर त्याच पट्ट्यांतून अनेक यंत्रे होतील. दोन भोकांमध्ये अर्ध्या इंचाचे अंतर त्यांनी ठरवले. १९०१ साली त्यांना पेटंट मिळाले आणि १९०७ साली ‘मेकॅनो’ हे नाव रूढ झाले. येथे घाई चालत नाही. नट बोटांत धरावा, बोल्ट भोकातून सारावा, पेचकसाने आवळावा. चुकले तर तितक्याच संयमाने सैल करावा. शिवाय हा सांधा हलू शकतो. चाक फिरते, दांडा वर-खाली होतो. तोलाच्या खेळातून इमारत मिळाली होती, बोल्टच्या खेळातून यंत्र मिळाले. १९३४ साली मँचेस्टर येथे डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी बहुतांशी मेकॅनोच्याच भागांतून अवघड समीकरणे सोडवणारे गणनयंत्र उभे केले, यावरून या खेळण्याची ताकद ध्यानी यावी. त्याची उणीवही नमूद केली पाहिजे. लहानग्यांच्या बोटांना ते झेपत नसे आणि त्याच्या जाहिराती केवळ मुलग्यांना उद्देशून असत. मुलींच्या हातांना जणू यंत्राशी कर्तव्यच नव्हते.

तिसरा सांधा डेन्मार्कमधील बिलुंड या खेड्यातला. ओले किर्क क्रिस्तियान्सेन हे तेथील एक धार्मिक वृत्तीचे सुतार. १९२४ साली त्यांच्या दोन मुलांच्या हातून भुशाला आग लागून घर व कार्यशाळा दोन्ही जळाली. १९३२ साली मंदीने धंदा बसला आणि त्याच वर्षी पत्नी चार मुले मागे ठेवून वारली. त्या वर्षी त्यांनी लाकडी खेळणी करावयास घेतली. १९३४ साली ‘छान खेळ’ या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून ‘लेगो’ हे नाव सिद्ध झाले. १९४९ साली त्यांनी प्लॅस्टिकच्या विटा काढल्या. त्यांची मूळ कल्पना हिलरी फिशर पेज या इंग्रज गृहस्थांची होती, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे. या विटा आतून पोकळ असल्याने घट्ट बसत नसत. पुढे ओले किर्क यांचे पुत्र गोटफ्रेड यांनी विटेच्या पोटात नळ्या बसवल्या. खालच्या विटेच्या खुंट्या या नळ्या आणि विटेच्या भिंती यांच्यामध्ये घट्ट रुतू लागल्या आणि २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. सहाच आठवड्यांनी ओले किर्क निवर्तले. आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात, तीन विटा १,०६० प्रकारे आणि सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे. हा सांधा हत्याराविना, क्षणात जुळतो आणि क्षणात सुटतो. तीन वर्षांच्या बालकापासून आजोबांपर्यंत कोणालाही तो जमतो. परंतु तो इतका घट्ट आहे, की तोल आणि भार यांचा विचार करण्याची गरज मुलाला फारशी भासत नाही. शिवाय एकाच चित्राबरहुकूम एकच वस्तू करावयाचे संच घरी आले, की वस्तू एकदा पुरी होते, कपाटावर चढते आणि ९१ कोटी शक्यता धूळ खात पडतात.

आपल्या भूमीशी या कथेचा संबंध येतो तो मारिया माँटेसरी यांच्या मार्गाने. या कॅथलिक विदुषीने ६ जानेवारी १९०७ रोजी, प्रकटीकरणाच्या सणादिवशी, रोममधील गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांचा गुलाबी मनोरा म्हणजे एक ते दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा घन. त्यांचा एकच बरोबर क्रम असतो आणि चूक झाल्यास ती मनोराच दाखवून देतो. फ्रोबेल यांनी कल्पनेला वाव दिला, माँटेसरींनी अचूकतेला. १९३९ साली त्या भारतात आल्या, परंतु त्यापूर्वीच ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्या सहवासात ही पद्धती आत्मसात केली होती. १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात महागड्या साहित्याची जागा खडे, बिया आणि शिंपल्यांनी घेतली. गरिबाच्या मुलाला बुद्धी कमी नसते, साहित्य तेवढे दुर्मीळ असते, हे त्यांनी ओळखले.

हाच विचार अरविंद गुप्ता यांनी सांध्यापर्यंत नेला. आय.आय.टी. कानपूरचे हे अभियंते १९७८ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात विज्ञानशिक्षणाच्या कामात सहभागी झाले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी, एवढ्यावर त्यांनी काड्यांचा मेकॅनो सिद्ध केला. नळीच्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी काडी खुपसली, की झाला सांधा. चार काड्यांचा चौकोन दाबला की लवंडतो, तीन काड्यांचा त्रिकोण मात्र लवंडत नाही. पुलांच्या बांधणीत त्रिकोण का असतात, हे मुलाच्या बोटांना कळते. गंमत अशी, की फ्रोबेल यांच्या देणग्यांतही भिजवलेले वाटाणे आणि काड्या यांचे काम होते. थुरिंगियातील वाटाण्याची जागा नर्मदेच्या खोऱ्यातील रबरी नळीने घेतली.

मग मुलांना घ्यावे तरी काय? कोणतेही एक खेळणे श्रेष्ठ ठरवण्याचा आमचा हेतू नाही. ठोकळा नम्रता शिकवतो, बोल्ट संयम, वीट धिटाई आणि काडी काटकसर. परंतु नाताळला किंवा प्रथम ख्रिस्तशरीराच्या दिवशी भेट निवडणाऱ्या आईबापांनी तीन गोष्टी पारखून घ्याव्यात, असे आम्ही सुचवतो. केलेले मोडून नवे करता येते काय? एक तुकडा हरवला तर घरातल्या वस्तूने काम भागते काय? आणि दोन भावंडांना, भाऊ-बहिणीलाही, ते मिळून करता येते काय? या तिन्ही प्रश्नांना नकार आला, तर खोक्याची किंमत कितीही असो, मुलाच्या पदरी पडणारे थोडेच.

आपल्या धर्मग्रामांत डिसेंबर उजाडला, की मुले पेंढा, बांबूच्या कामट्या आणि माती गोळा करून नाताळचा गोठा उभारतात. तेथील सांधा सुतळीच्या गाठीचा. गोठा वाकडा होतो, छप्पर गळते, भांडणे होतात आणि मिटतातही. अलीकडे तयार गोठे विकत मिळू लागले आहेत आणि ते सुबकही असतात. संत पौल इफिसकरांस लिहितात, की ख्रिस्त ही कोनशिला आहे आणि तिच्या ठायी सगळी इमारत जोडली जाऊन वाढत राहते. ज्याने लहानपणी गाठ मारली, ती सुटलेली पाहिली आणि शेजारच्या मुलाला दुसरे टोक धरावयास सांगून ती पुन्हा बांधली, त्याला संत पौलांचे हे म्हणणे समजण्यास प्रवचनाची फारशी गरज पडत नाही. यंदा तयार गोठा आणण्यापूर्वी घरात सुतळी आहे का, तेवढे पाहावे.